औषध चालेनासे होते तेव्हा : प्रोस्टेटचा कर्करोग आणि डॉक्टरांशी बोलणे

वेरूळची लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात. त्याच वेरूळच्या माणसाला कर्करोगावरच्या उपचारासाठी मात्र सुमारे तीस किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला जावे लागते. तेथे 'घाटी' या नावाने सर्वांना ठाऊक असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि २०१२ साली सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. तेथून परतणाऱ्या रुग्णाच्या हातात एक फाईल असते. तिच्यातले कागद बहुधा इंग्रजीत असतात आणि ते वाचून दाखवण्याचे काम गावात अनेकदा शिक्षकाकडे येते. "सर, एवढं बघून सांगा, काय लिहिलंय?" हा प्रश्न खेड्यातल्या बऱ्याच शिक्षकांच्या परिचयाचा असेल.

हा लेख अशाच एका प्रकारच्या फाईलविषयी आहे. रुग्ण सत्तरीच्या आसपासचा. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला. उपचार सुरू झाले, दुखणे थांबले, दोन-तीन वर्षे बरी गेली. आणि आता डॉक्टर म्हणतात, "हे औषध आता चालत नाही." घरात याचा अर्थ लावला जातो, "डॉक्टरांनी हात टेकले." ही दोन वाक्ये एकच नाहीत. त्यांच्यामधल्या अंतरात बरेच विज्ञान आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे निर्णयही त्याच अंतरात घ्यायचे असतात. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे, रुग्ण तपासणारे नव्हे. कोणते औषध द्यायचे हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. पण शरीरात काय घडले आहे हे समजले, तर त्यांना नेमके प्रश्न विचारता येतात. तेवढाच या लेखाचा हेतू आहे.

ग्रंथी आणि तिचे संप्रेरक

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या पेशींची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असते. या संप्रेरकाचा बहुतांश भाग वृषणांत तयार होतो आणि थोडा भाग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून येतो.

१९४१ साली शिकागो येथे चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले, की पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णाचे वृषण शस्त्रक्रियेने काढले तर रोग मागे हटतो. कर्करोगाची पेशी बेबंद असते, ती कोणाचेही ऐकत नाही, अशी तोवर समजूत होती. येथे मात्र ती एका संप्रेरकावर विसंबून असलेली दिसली. या कामासाठी हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की १९४१ च्याच फेब्रुवारीत मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

पुढे शस्त्रक्रियेऐवजी इंजेक्शने आली. मेंदूकडून पोषग्रंथीला आणि पोषग्रंथीकडून वृषणांना जो निरोप जातो, तो ही इंजेक्शने बंद पाडतात. ती महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यावी लागतात. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि तिचा खर्च कमी असतो, म्हणून आपल्याकडे आजही अनेक रुग्ण तीच निवडतात. दोन्हींचा परिणाम एकच : रक्तातले टेस्टोस्टेरॉन अगदी खाली येते. पेशींचे खाद्य तुटते आणि बहुतेक रुग्णांना आराम पडतो.

मग ते चालेनासे का होते?

याचे उत्तर जीवशास्त्राच्या शिक्षकांना नवे नाही. शेतात एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले, की काही काळाने किडी त्याला दाद देत नाहीत. औषधाने किडी 'शिकत' नाहीत. मुळातच थोड्या वेगळ्या असलेल्या किडी वाचतात आणि पुढची पिढी त्यांची असते. कर्करोगाच्या गाठीतही कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. संप्रेरक तोडले की त्याच्यावाचून भागवू शकणाऱ्या पेशी मागे राहतात व वाढतात. ही नैसर्गिक निवडच आहे, फक्त एका शरीरात आणि दोन-तीन वर्षांत घडणारी.

या पेशी कशा तग धरतात, हेही आता बरेच उलगडले आहे. संप्रेरक पेशीत शिरल्यावर एका ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटते. संप्रेरक म्हणजे किल्ली आणि ग्राही म्हणजे कुलूप, असे वर्गात सांगता येईल. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९५ साली उपचारानंतर उलटलेल्या २३ गाठी तपासल्या. त्यांपैकी ७ गाठींत या ग्राहीच्या जनुकाच्या जादा प्रती आढळल्या. उपचारापूर्वीच्या गाठींत त्या नव्हत्या. कुलपे पुष्कळ झाली की थोड्याशा किल्ल्याही पुरतात. काही पेशी अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या कच्च्या मालापासून स्वतःच संप्रेरक बनवू लागतात. काहींत ग्राहीमध्ये असे उत्परिवर्तन होते, की कुलूप भलत्याच किल्लीनेही उघडते.

या शेवटच्या प्रकारातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. फ्लुटामाइड हे ग्राहीला अडवणारे जुने औषध. १९९३ च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले, की काही रुग्णांमध्ये हे औषध बंद केल्यावरच रोग काही काळ मागे हटतो. बदललेल्या ग्राहीसाठी ते औषधच किल्ली बनले होते. तेव्हा डॉक्टर एखादी गोळी थांबवतात, याचा अर्थ त्यांनी रुग्णाला सोडून दिले असा नसतो. कधी कधी गोळी थांबवणे हाच उपचार असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नव्या पेशी संप्रेरकाची टंचाई सोसतात, पण ते पुन्हा मिळू लागले तर आणखी जोमाने वाढू शकतात. म्हणून पुढचे औषध सुरू झाले तरी संप्रेरक कमी करणारे इंजेक्शन सहसा चालूच ठेवतात. "ते चालत नाही म्हणाले, म्हणून आम्ही बंद केलं," असे घरच्या घरी ठरवू नये.

फाईलमधले आकडे

आता फाईल उघडू या. तिच्यात 'पीएसए' नावाची रक्ततपासणी वारंवार दिसेल. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले एक प्रथिन. रक्तात ते किती आहे यावरून रोगाच्या चढउताराचा अंदाज येतो. समजा, एका रुग्णाचे पीएसए उपचारापूर्वी ८४ होते आणि उपचाराने ते ०.६ पर्यंत उतरले. त्यानंतर दर तीन महिन्यांनी आकडे असे आले : ०.९, १.८, ३.६, ७.२.

घरचे म्हणतील, "८४ होतं, आता ७ आहे, म्हणजे बरंच आहे की!" डॉक्टर मात्र काळजीत दिसतील. दोघेही तोच आकडा पाहत आहेत. फरक इतकाच, की डॉक्टर त्याची गती पाहत आहेत. हा आकडा दर तीन महिन्यांनी दुप्पट होतो आहे. हीच भूमिती श्रेढी चालू राहिली, तर वर्षभरात तो सोळा पट होईल. उलट एखाद्याचे पीएसए दुप्पट व्हायला वर्ष लागत असेल, तर त्याच ७.२ चा अर्थ निराळा. दुपटीचा काळ दहा महिन्यांहून कमी की जास्त, हा भेद उपचार ठरवताना डॉक्टर खरोखर वापरतात. हे आकडे नववी-दहावीच्या मुलांना साध्या आलेखकागदावर आणि मग अर्ध-लघुगणकीय कागदावर मांडायला द्यावेत. पहिल्यावर वर उसळणारी वक्ररेषा येईल, दुसऱ्यावर जवळजवळ सरळ रेषा. श्रेढी शिकवण्यासाठी याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही. मात्र ते कोणाच्या घरचे आहे, हे वर्गात येऊ देऊ नये.

एकट्या पीएसएवर विसंबूनही चालत नाही. नवे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पीएसए थोडे वाढून मग उतरू शकते, म्हणून साधारण तीन महिने तरी केवळ त्या आकड्यावरून निवाडा करत नाहीत. उलट काही गाठींच्या पेशी इतक्या बदलतात, की त्या पीएसए बनवणेच सोडून देतात. आकडा खाली आणि रोग वर, असे तेथे घडते. म्हणून डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात : रक्ताचा आकडा, स्कॅनमधले चित्र आणि रुग्णाची तब्येत. रुग्णाचे दुखणे, भूक आणि वजन यांची माहिती कोणत्याही यंत्रातून येत नाही, ती सांगावीच लागते.

औषध हरले, की पोचलेच नाही?

म्हणून डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न हा : "रक्तातले टेस्टोस्टेरॉन तपासले का? ते किती आहे?" डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा ते कमी असेल आणि तरीही रोग वाढत असेल, तरच पहिला उपचार अपुरा पडू लागला असे म्हणतात. ते त्याहून बरेच जास्त असेल, तर संप्रेरक नीट तुटलेलेच नाही.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. तीन महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख मक्याच्या काढणीत येते, गाडीभाड्याला पैसे नसतात किंवा बरोबर येणारा मुलगा कामासाठी बाहेरगावी असतो. तारीख महिना-दीड महिना पुढे जाते. पीएसए वाढते आणि सगळे म्हणतात, औषध चालेना. अशा वेळी इंजेक्शन चुकल्याचे डॉक्टरांना सांगितले नाही, तर ते पुढच्या, अधिक महाग व अधिक त्रासाच्या औषधाकडे वळू शकतात. रागावतील म्हणून लपवू नये. इंजेक्शनच्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात. तारखा पाळणे खरोखरच अवघड असेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय विचारावा.

पुढचे मार्ग

पहिला उपचार खरोखर अपुरा पडला असेल, तर आज पुढे बरेच मार्ग आहेत. २००४ साली डोसिटॅक्सेल या रसायनोपचाराने अशा रुग्णांचे आयुष्य वाढते हे सिद्ध झाले. तोपर्यंत वेदना कमी करणारे उपचार होते, आयुष्य वाढवणारे नव्हते. त्यानंतर अबिरॅटेरॉन आले. ते अधिवृक्क ग्रंथींत आणि खुद्द गाठीत होणारी संप्रेरकाची निर्मिती रोखते. एन्झालुटामाइड कुलूपच अडवून धरते. आज ही औषधे अनेकदा पहिल्या इंजेक्शनबरोबरच सुरू करतात, म्हणून रुग्णाला आधी काय काय दिले आहे याची यादी महत्त्वाची ठरते.

येथे सर्वसामान्यांना एक प्रश्न पडतो : एक गोळी चालेना, तर तिच्याच जातीची दुसरी का देत नाहीत? वर सांगितलेल्या निवडीच्या तत्त्वात याचे उत्तर आहे. एका गोळीला दाद न देणाऱ्या पेशी त्याच वाटेने काम करणाऱ्या दुसऱ्या गोळीलाही बहुधा दाद देत नाहीत. २०१९ साली युरोपातल्या एका चाचणीत २५५ रुग्णांवर हे तपासले गेले. डोसिटॅक्सेल घेतलेल्या आणि यांपैकी एका गोळीवर वर्षभराच्या आत रोग वाढलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला त्याच जातीची दुसरी गोळी दिली, दुसऱ्याला कॅबाझिटॅक्सेल हा निराळा रसायनोपचार. दुसऱ्या गटात स्कॅनवर रोग न वाढता गेलेला काळ ८ महिने होता, पहिल्यात ३.७ महिने. तेव्हा "याच गोळीसारखी दुसरी गोळी की वेगळ्या वाटेचे औषध?" हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

काही रुग्णांत डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत दोष असतो. बीआरसीए-२ हे त्यांतले एक. अशांना ओलॅपॅरिबसारखी औषधे उपयोगी पडतात. हा दोष वारशाने आलेला असेल तर तो मुलामुलींत आणि बहीणभावांतही असू शकतो, आणि स्त्रियांमध्ये त्याने स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे म्हाताऱ्या वडिलांची जनुकीय तपासणी त्यांच्या लेकीच्याही कामाची ठरू शकते.

आणखी एक मार्ग भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन दाटीने असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी समस्थानिक बसवून शिरेतून देतात. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ६.६५ दिवस असतो आणि त्याचे बीटा कण ऊतीत फार तर दोनेक मिलिमीटर जातात. त्यामुळे मारा मुख्यतः गाठीपुरता राहतो. लाळग्रंथींतही ते प्रथिन थोडे असते, म्हणून तोंड कोरडे पडते. हा समस्थानिक आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ८३१ रुग्णांच्या चाचणीत या उपचाराने आयुष्याचा मध्यक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला.

'चार महिने' म्हणजे किती?

हा शेवटचा आकडा ऐकून घरचे म्हणतील, "म्हणजे चारच महिने वाढतात?" येथे गणिताच्या शिक्षकाने मदत करावी. मध्यक १५.३ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही जगले. प्रत्येकाला चार-चार महिने जादा मिळाले असा त्याचा अर्थ नाही. काहींना काहीच लाभ झाला नाही, तर काहींना बराच झाला. आपला रुग्ण कोणत्या निम्म्यात असेल हे मध्यक सांगत नाही.

अमेरिकेतले उत्क्रांतिशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्या रोगात आयुष्याचा मध्यक आठ महिने, असे ग्रंथांत नोंदलेले होते. त्यांनी वितरणाच्या आलेखाचा विचार केला : उजवीकडची शेपटी लांब आहे आणि आपण तिच्यात असू शकतो. ते आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगाने गेले. यावरून प्रत्येकाने वीस वर्षांची आशा धरावी असे नाही, कारण लांब शेपटीत माणसे थोडीच असतात. डॉक्टरांना मात्र अशा रीतीने विचारावे : "अशा रुग्णांत साधारण काय होते? फार चांगले गेले तर किती, आणि वाईट गेले तर किती?" एका आकड्यापेक्षा असा पल्ला अधिक खरा असतो, आणि तो सांगणे डॉक्टरांनाही सोपे जाते.

पैसा आणि प्रवास

डॉक्टरांसमोर पैशाविषयी बोलायला माणसे लाजतात. वास्तविक खर्च आणि अंतर हे उपचाराच्या निर्णयाचे भागच आहेत. अबिरॅटेरॉनचे उदाहरण घेऊ. या गोळीची नेहमीची मात्रा रोज १००० मिलिग्रॅम, उपाशीपोटी. अन्नाबरोबर ती कितीतरी अधिक शोषली जाते. २०१८ साली ७२ रुग्णांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात कमी स्निग्ध न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे पीएसए पूर्ण मात्रा घेणाऱ्यांइतकेच उतरले. म्हणजे चौथाई औषधात तोच परिणाम. चाचणी लहान होती, म्हणून सगळे डॉक्टर हा मार्ग घेतील असे नाही. पण पैशाअभावी गोळी बंदच करण्याची वेळ आली असेल, तर हे डॉक्टरांना जरूर विचारावे. स्वतःच्या मनाने मात्र मात्रा बदलू नये, आणि पूर्ण मात्रा जेवणाबरोबर तर मुळीच घेऊ नये, ती अंगावर येऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

दुसरे मत हवे असेल तर थेट तीनशेहून अधिक किलोमीटरवर मुंबईला धावलेच पाहिजे असे नाही. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले. देशातली तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था त्यात आहेत आणि ती समान उपचारपद्धती पाळण्याचा प्रयत्न करतात. "आमच्या केसची चर्चा इतर तज्ज्ञांबरोबर करता येईल का?" असे विचारले तर चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

दुखणे हा वेगळा प्रश्न आहे

रोग आटोक्यात येणे आणि दुखणे आटोक्यात येणे या दोन गोष्टी आहेत. पहिली साधली नाही तरी दुसरी बहुधा साधते. हाडातल्या एका जागी दुखत असेल, तर किरणोपचाराची एकच मात्रा, ८ ग्रे एवढी, अनेक दिवसांच्या उपचाराइतकाच आराम देते, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. रोज तीस किलोमीटर जाऊन-येऊन दहा दिवस काढण्याऐवजी एका फेरीत काम होत असेल, तर ते विचारून घ्यावे.

मॉर्फिनबद्दल दोन भीती असतात : व्यसन लागेल, आणि मॉर्फिन म्हणजे शेवट. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेतल्यास व्यसनाचा धोका फार कमी असतो, आणि ते घेत माणसे महिनोन्महिने हिंडतात-फिरतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणे अवघड झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराची वाट सोपी झाली.

वेदना, झोप, भूक, मनाची घालमेल आणि घरच्यांची दमछाक यांकडे पाहणाऱ्या शाखेला उपशामक उपचार म्हणतात. पुण्यात १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र हे काम विनामूल्य करते. असे उपचार शेवटच्या आठवड्यात सुरू करायचे असतात, ही समजूत चुकीची आहे. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना ते सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांच्या जोडीने मिळाले त्यांची मनःस्थिती चांगली राहिली आणि ते अधिक काळ जगलेही.

रुग्णाला सांगायचे का?

आपल्याकडे सर्वांत अवघड गाठ येथे पडते. मुलगा पुढे होऊन डॉक्टरांना म्हणतो, "साहेब, आबांना काही सांगू नका, ते खचतील." हेतू प्रेमाचाच असतो. पण आबांना सहसा कळलेले असते. ते घरच्यांसाठी गप्प असतात, घरचे त्यांच्यासाठी. मग ज्याचे शरीर, त्याला सोडून सगळे बोलतात. पुढचा रसायनोपचार घ्यायचा की नाही, जमिनीची वाटणी, नातीचे लग्न, शेवटचे दिवस घाटीत काढायचे की घरी, हे सगळे आबांनी ठरवायचे विषय आहेत, आणि त्यांना ते ठरवण्याची संधीच मिळत नाही.

सगळे सांगून टाकणे आणि सगळे लपवणे यांच्यामध्ये एक वाट आहे : आधी विचारावे, मग सांगावे. डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी असे म्हणता येते, "आबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? सगळं नीट सांगू, की मोठ्याशी बोलू?" आबा म्हणाले, "पोराशीच बोला," तर तोही त्यांचाच निर्णय. आबा म्हणाले, "मला सांगा," तर मात्र ते टाळण्याचा हक्क कोणालाच नाही. पुढे बोलता येणार नाही अशी अवस्था आली, तर कृत्रिम उपायांनी जगवत ठेवायचे की नाही याचे इच्छापत्र आधी करून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिली आहे, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली आहे.

कागदावरचे प्रश्न

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटे मिळतात आणि आत गेल्यावर निम्मे प्रश्न विसरतात. ऑस्ट्रेलियात २००७ साली १७४ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना आधी प्रश्नांची छापील यादी दिली होती त्यांनी इतरांच्या दुपटीहून अधिक प्रश्न विचारले. आपणही रुग्णाबरोबर बसून मराठीत अशी यादी करून देऊ शकतो :

१. रोग वाढतो आहे हे कशावरून ठरवले : पीएसए, स्कॅन की तब्येत?
२. टेस्टोस्टेरॉन किती आहे? इंजेक्शने वेळेवर झाली आहेत का?
३. आताची कोणती औषधे थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची?
४. पुढचे औषध वेगळ्या वाटेने काम करते का? त्याने काय साधेल : आयुष्य, आराम की दोन्ही?
५. त्याचा त्रास काय, खर्च किती, फेऱ्या किती? ते चालते आहे की नाही हे कधी कळेल?
६. ते घेतलेच नाही तर काय होईल?
७. दुखण्यासाठी आजपासून काय करता येईल?

सहावा प्रश्न विचारायला धैर्य लागते. उपचार न घेणे हाही एक पर्याय आहे आणि त्यातही काळजी घेणे थांबत नाही, हे उत्तर ऐकल्यावर अनेकांच्या मनावरचे ओझे उतरते. उत्तरे बरोबरच्या माणसाने तेथेच लिहून घ्यावीत आणि शेवटी डॉक्टरांना वाचून दाखवावीत.

एका बाबतीत मात्र यादी करत बसू नये. हाडांत रोग असलेल्या माणसाच्या पाठीत नवीन तीव्र दुखणे सुरू झाले, पाय लुळे किंवा बधिर पडू लागले, लघवी तुंबली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. वेळेत उपचार झाले तर चालणारा माणूस चालता राहू शकतो. एकदा पाय गेले की ते परत येणे अवघड असते.

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथल्या कार्यकर्त्यांना लवकरच उमगले, की रुग्णालयात बसून खेड्यातला कर्करोग मोजता येणार नाही. ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली, आणि माणसे तपासणीला येऊ लागली. रुग्णालय आणि गाव यांच्यामध्ये असे बोलणारे कोणीतरी लागते. पुढच्या वेळी कोणी फाईल घेऊन दारात आले, तर तिच्यातला आकडा वाचून दाखवण्याआधी आबांना जवळ बसवावे आणि त्यांना काय जाणून घ्यायचे आहे ते विचारावे. मग कागद-पेन्सिल घ्यावी आणि पहिला प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावा.